पतंगांसाठी पडदा लावताना: कोकणातली जागा, वेळ आणि क्रम

भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४०० जाती आहेत, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक. तरीही अंगणात पांढरी चादर आणि दिवा लावून बसलेल्या बहुतेकांच्या वहीत रात्रीअखेर आठ-दहाच नावं असतात, आणि तीही मोठ्या, रंगीत, चटकन डोळ्यांत भरणाऱ्या पतंगांची. पतंग येत नाहीत असं नाही. ते येतात, पडद्यावर बसतात आणि कोणी न पाहता पहाटे निघून जातात. चूक जवळजवळ नेहमी कामाच्या क्रमात असते: दिवा आधी घेतला जातो, रात्र मागाहून ठरते, जागेचा विचार होतच नाही, आणि फोटो असे काढले जातात की त्यावरून घराणंसुद्धा सांगता येऊ नये. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा.

१. आधी रात्र ठरवा

पतंगांसाठी चांगली रात्र म्हणजे काळोखी, दमट, ढगाळ आणि बिनवाऱ्याची. अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे पाच-सहा दिवस धरा. पौर्णिमेच्या आसपास आभाळ उघडं असेल तर पडद्यावर निम्म्याहून कमी हालचाल दिसते. चंद्र ढगांआड असेल तर मात्र तीच रात्र चांगली जाते.

किनाऱ्यालगत वारा हा चंद्रापेक्षा मोठा अडथळा आहे. संध्याकाळी समुद्राकडून येणारे खारे वारे जोरात असले की पडदा फडफडतो आणि लहान पतंग त्यावर टिकत नाहीत. रात्र चढली की हा वारा पडतो आणि पुढे जमिनीकडून हलका मतलई सुरू होतो. मधल्या निवांत वेळेत सगळ्यात जास्त पतंग बसतात. देवगड, मालवण, गुहागरसारख्या उघड्या किनाऱ्यावर साडेआठ वाजता कंटाळून दिवा बंद करणाऱ्यांचा खरा हंगाम हातातून निसटतो.

वर्षाचा विचार केला तर दोन काळ भरात असतात. पहिला मृगाचा पाऊस पडून पालवी तरारल्यावरचा जून, आणि दुसरा पाऊस ओसरतानाचा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळला जातो (२०१२ पासून), आणि त्या उत्साहात अनेकजण नेमका त्याच आठवड्यात पहिला पडदा लावतात. कोकणात तेव्हा धो धो पाऊस असतो. रिमझिम चालते, पण मुसळधार पावसात उघड्यावर काहीच हाती लागत नाही. तो आठवडा साधायचाच असेल तर पडदा पडवीत लावा. त्याची पद्धत चौथ्या टप्प्यात आहे.

तपासा: ठरलेल्या जागी एक उदबत्ती पेटवून धरा. धूर सरळ किंवा किंचित कलून वर जात असेल तर पडदा लावा. धूर लगेच आडवा होत असेल तर आडोसा शोधा किंवा तासभर थांबा.

२. जागा: दोन परिसरांची कड

दाट झाडीच्या आत उजेड दहा पावलांवर अडतो, आणि मोकळ्या माळावर खाद्यवनस्पती कमी. म्हणून जिथे दोन परिसर भेटतात ती कड निवडा: देवराईची कड, भातखाचर आणि राईमधला बांध, सड्यावरून उतरणारी झुडपांची रांग, किंवा खाडीकाठी कांदळवनाकडे तोंड करून असलेलं आवाठ.

सुरवंट ज्या झाडावर वाढतो त्याच्या आसपासच पतंग भेटण्याची शक्यता जास्त. ऐनाची झाडं असतील तर टसर पतंग येऊ शकतो. काजूवर क्रिक्युला नावाच्या रेशमी पतंगाचे सुरवंट घोळक्याने वाढतात आणि सोनेरी जाळीदार कोष विणतात. आवारात कण्हेर किंवा तगर असेल तर हिरव्या संगमरवरी नक्षीचा हॉक मॉथ, गुळवेल चढलेली असेल तर फळांचा रस शोषणारे मोठे पतंग. तिवरांच्या जवळ सागाची पानं खाणाऱ्या अळीचाच पतंग दिसला तर चकित होऊ नका, ती अळी तिवरही खाते. भातशेतीजवळ खोडकिड्याचे आणि पानं गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग हमखास येतात.

आंबा-काजूच्या बागेत बसायचं असेल तर फवारणीची तारीख आधी विचारा. मोहोराच्या दिवसांत फवारलेल्या बागेत रिकामा पडदा पाहून “इथे पतंग नाहीत” असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरतं.

दुसरा उजेड हाही दोष आहे. रस्त्यावरचा दिवा शंभर मीटरच्या आत थेट दिसत असेल तर जागा बदला किंवा घराची भिंत आड येईल असा पडदा फिरवा.

सावध: फणसाडसारख्या अभयारण्यात, वनजमिनीवर आणि कांदळवनात रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते. खाजगी जागेतही मालकाला, शेजाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. आडरानात रात्रभर जळणारा निळसर दिवा पाहून लोक काळजीने धावून येतात, आणि ते बरोबरच आहे.

३. दिवा आणि वीज

घरातला पांढरा एलईडी बल्ब लावून निराश होणारे सर्वात जास्त. पतंगांचे डोळे अतिनील आणि निळ्या उजेडाला जास्त प्रतिसाद देतात, आणि साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतो. पर्याय दोन.

पहिला, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा अतिनील एलईडी, ५ ते १० वॉटचा. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. तो गरम होत नाही, पावसाच्या थेंबाने तडकत नाही आणि पॉवर बँकेवर चालतो. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ७४ वॉट-तास असतात. रूपांतरात काही वाया जाऊन पन्नासच्या आसपास हाती येतात, म्हणजे १० वॉटचा दिवा पाच तासांच्या आत संपवतो आणि ५ वॉटचा जवळजवळ रात्रभर चालतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी ८४ वॉट-तासांची दिसते, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते, त्यामुळे तिच्यावरही चार तासच धरा.

दुसरा, १६० वॉटचा मर्क्युरी दिवा, ज्याला वेगळा चोक लागत नाही. लांबून खेचण्यात तो सरस आहे, पण त्याच्या अटी आहेत. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. वर पत्र्याचं छत्र हवं, कारण तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती फुटते. बाहेरची काच फुटूनही दिवा जळत राहिला तर लगेच वीज तोडा, तो उघडा अतिनील डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. वीज क्षणभर गेली तरी हा दिवा लगेच पुन्हा लागत नाही, निवायला पाच-दहा मिनिटं घेतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे एका रात्रीत चारदा होऊ शकतं, म्हणून जोडीला छोटा अतिनील एलईडी ठेवाच.

सावध: वायरीचा जोड ओल्या जमिनीवर ठेवू नका, खुंटीला किंवा फांदीला टांगा. घराच्या बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच असल्याशिवाय पावसात बाहेर वीज नेऊ नका. कोणताही अतिनील दिवा डोळ्यांच्या रेषेत नको. चष्मा घाला आणि लहान मुलांना दिव्याच्या मागच्या बाजूला बसवा.

४. पडदा

सुती कापड घ्या. टेरिकॉट किंवा नायलॉनवर पतंगांच्या पायांची पकड बसत नाही, ते घसरून खाली पडतात आणि मुंग्या त्यांना गाठतात. जुनी सुती चादर किंवा धोतर उत्तम. रुंदी सहा फूट, उंची पाच फूट, आणि खाली जमिनीवर पसरायला आणखी दोन फूट. हा खालचा पदर बरेचजण कापतात किंवा गुंडाळून ठेवतात. ते करू नका, पुष्कळ पतंग उभ्या पडद्यावर न बसता तिथेच उतरतात.

दोन मेढ्यांमध्ये किंवा झाडांमध्ये सुंभ ताणून बांधा आणि कापडाला चिमटे लावा. खालच्या कोपऱ्यांवर जांभ्याचे खडे ठेवा, पण ते संध्याकाळच्या उजेडात काठीने उलटे करून पाहून मगच उचला. दिवा पडद्यापासून फूटभर पुढे आणि जमिनीपासून चार फुटांवर टांगा. दिवा कापडाला टेकला तर मर्क्युरीने ते जळतं, आणि एलईडीने एकच झगझगीत डाग तयार होऊन पतंग त्याभोवतीच घिरट्या घालत राहतात.

पावसाळी रात्री पडदा पडवीत लावा, मागची भिंत सोडून दोन हात पुढे, उघड्या बाजूकडे तोंड करून. भिंतीला चिकटवलेल्या पडद्यावर पाली तासाभरात ताबा घेतात.

शिवणकामाची मापाची टेप पडद्याच्या एका कडेला उभी टाचून ठेवा. सातव्या टप्प्यात तिचा उपयोग कळेल.

५. पहिला तास

दिवा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात लावा. रत्नागिरीकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या सुमारास. काही हॉक मॉथ तिन्हीसांजेलाच फिरतात आणि उशीर केला की चुकतात. उलट मोठे रेशमी पतंग बहुतेकदा मध्यरात्रीनंतर येतात.

पहिला तास कॅमेरा पिशवीत ठेवा. पडद्याच्या दोन्ही बाजू, खालचा पदर, मागचा गडगा, (दगडी कुंपण), झाडांची खोडं असा फेरा मारत फक्त पाहा. कित्येक जाती दिव्याजवळ येत नाहीत, पाच-सात पावलांवरच्या पानाखाली बसून राहतात.

सावध: दिव्याकडे किडे, किड्यांकडे बेडूक आणि बेडकांकडे साप, हा क्रम ठरलेला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यावर आणि गडग्यांत फुरसं हा विषारी साप असतो. घोट्यावर येणारे बूट, पायाखाली विजेरी, आणि पदर उचलण्याआधी काठी, हे तिन्ही न चुकता. केशरी-काळा, मुंगीसारखा लांबट, आखूड पंखांचा भुंगेरा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. लागलाच तर लगेच साबणाने धुवा.

६. पाहणं: आधी बसण्याची ढब, मग रंग

खरं कौशल्य इथे लागतं, आणि घाईही सगळ्यात जास्त इथेच होते. नवशिके रंगावरून ओळखायला जातात. एकाच जातीत रंग बदलतो, नर-मादीत बदलतो, जुन्या पतंगाचे खवले झडून तो फिका पडतो. बसण्याची ढब मात्र घराण्याची असते आणि ती सहसा बदलत नाही.

पंख सपाट पसरून कापडाला चिकटलेले, अंग बारीक, आणि पुढच्या पंखावरच्या रेषा न तुटता मागच्या पंखावर गेलेल्या: हे जिओमेट्रिड, ज्यांच्या अळ्या माप घेत चालतात. पुढचे केसाळ पाय लांब समोर ताणून बसलेला तो लायमँट्रिड. त्याचे केस कातडीला खाजवतात, हात लावू नका. गुबगुबीत, आखूड, पोटाचं टोक वर उचललेला असेल तर तो घोणस अळीच्या घराण्यातला असण्याची शक्यता आहे. डंख मारते ती अळी, पतंग निरुपद्रवी. इंग्रजी टी अक्षरासारखा, काडीसारख्या पंखांचा तो पिसपतंग. पंख चिमटून घंटेसारखी आकृती झाली असेल तर टॉर्ट्रिसिड. लांब पाय, त्रिकोणी बांधा आणि तोंडापुढे सोंडेसारखं टोक आलं असेल तर क्रँबिड. भाताचे कितीतरी कीटक याच घराण्यातले आहेत. भाताच्या खोडकिड्याची मादी पिवळी, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका, आणि नर लहान, मळकट तपकिरी. या दोघांना दोन जाती म्हणून नोंदवण्याची चूक फार होते.

आता ती गोष्ट जिच्यासाठी हा लेख लिहिला आहे. पडद्यावर एक सेंटिमीटरपेक्षा लहान, तपकिरी, राखाडी, “किडामुंगी” वाटणारे जे असंख्य जीव बसतात त्यांच्यातच पतंगांचं बहुतांश वैविध्य आहे. दहापटीचं भिंग घेऊन पडद्याचा एक हातभर चौकोन ठरवा आणि त्यातला प्रत्येक जीव पाहा. साध्या डोळ्यांना मातकट दिसणाऱ्या पंखावर भिंगाखाली सोनेरी पट्टे, चांदीचे ठिपके, झालर लावल्यासारखे केस दिसतात. ज्यांना प्रचंड मोठा ॲटलस पतंग आला नाही म्हणून रात्र फुकट गेली असं वाटतं, त्यांनी हा चौकोन एकदा मन लावून पाहावा.

तपासा: जे दिसतं ते पतंगच आहे ना? पंखांवर खवले हवेत आणि बहुधा तोंडाखाली गुंडाळलेली सोंड. पंखांवर खवल्यांऐवजी नुसते केस असतील तर तो पाण्यात वाढणारा कॅडिस माशीचा प्रकार. पारदर्शक जाळीदार पंख असतील तर तुडतुडे किंवा जाळपंखी.

७. फोटो

एका पतंगाचे किमान तीन फोटो: वरून बरोबर काटकोनात, बाजूने, आणि समोरून मिशांसहित. पिसासारख्या रुंद मिशा बहुधा नराच्या असतात. मागचा पंख आपोआप दिसत असेल तर चौथा. पंख काडीने उघडू नका.

निळसर उजेडात काढलेल्या फोटोतले रंग खोटे असतात, म्हणून फोटोपुरता पांढरा उजेड द्या. कॅमेऱ्यावरचा समोरचा फ्लॅश नको, त्याने खवले चमकतात आणि नक्षी पुसली जाते. साधी पांढरी विजेरी बाजूने, ४५ अंशांतून धरा. पांढऱ्या कापडामुळे कॅमेरा फसतो आणि पतंग काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर एक घर वाढवा. फोनला भिंगाची क्लिप लावली असेल तर फोन मागे-पुढे हलवून फोकस साधा, बोटाने टिचकी मारत राहू नका.

माप चुकवू नका. पडद्यावरच्या टेपशेजारी बसलेला पतंग आपोआप मोजला जातो. इतरांचा फोटो घेताना टेपचा तुकडा शेजारी, त्याच पातळीवर धरा. पंखांचा पूर्ण पसारा मोजण्यापेक्षा पुढच्या पंखाची मुळापासून टोकापर्यंतची लांबी मोजा, कारण बसलेल्या पतंगाचा पसारा ढबीप्रमाणे बदलतो.

८. नोंद, तिथेच आणि तेव्हाच

सकाळी आठवून लिहिलेली वही उपयोगाची नसते. दर तासाला दहा मिनिटांचा ठरलेला फेरा, आणि प्रत्येक फेऱ्याची एक ओळ: वेळ, दिव्याचा प्रकार आणि वॉट, वारा, पाऊस, चंद्र, आजूबाजूची झाडं, आणि काय किती आलं. “पुष्कळ” लिहू नका. दहापर्यंत मोजा, पुढे दहा-दहाच्या अंदाजाने. फोन आणि कॅमेऱ्याचं घड्याळ सुरुवातीलाच जुळवा, नाहीतर फोटो आणि ओळी जुळत नाहीत.

९. जे दिव्याकडे येत नाहीत

काही मोठे, डोळ्यांच्या खुणा असलेले पतंग आणि फळांचा रस शोषणारे पतंग लेपावर जास्त येतात. चार काळी पडलेली केळी कुस्करून त्यात पाव किलो गूळ मिसळा, झाकून दोन दिवस आंबू द्या. मार्च ते मे या काळात काजूची बोंडं हाताशी असतात, तीही चालतात. लेप मधासारखा दाट हवा. पातळ झाला तर ओघळून जातो. अंधार पडताना पाच-सहा खोडांवर छातीच्या उंचीला वीतभर पट्टा ब्रशने ओढा आणि दर अर्ध्या तासाने मंद, लाल कागद लावलेल्या विजेरीने पाहा. ओंबीलांची घरटी असलेलं झाड टाळा, नाहीतर पतंगाऐवजी मुंग्याच मोजाव्या लागतील.

दिवसा उडणारे पतंग वेगळेच. निळा-पिवळा डिस्फानिया आणि गांधीलमाशीसारखे दिसणारे अमाटा फुलपाखरं समजून सोडून दिले जातात. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, यांच्या मिशा तशा नसतात.

१०. दिवा बंद करणं

२०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ कलती करतात आणि त्यामुळे दिव्याभोवतीच्या घिरट्यांत अडकून पडतात. म्हणजे आपण त्यांना बोलावत नाही, अडवून ठेवतो. ॲटलससारख्या रेशमी पतंगांचं तोंड खाण्याच्या कामाचं नसतं. सुरवंट असताना साठवलेल्या बळावर ते थोडेच दिवस जगतात आणि तेवढ्यातच जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. त्यांची एक रात्र आपण घेतो.

म्हणून सलग दोन रात्री एकाच जागी दिवा लावू नका. रात्री जास्तीत जास्त चार-पाच तास पुरे. पहाटेपर्यंत बसायचंच असेल तर उजाडण्याच्या तासभर आधी दिवा बंद करा, नाहीतर दयाळ आणि कोतवाल पडद्यावरच न्याहारी उरकतात.

दिवा बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, मग कापड हलकेच उचलून झुडपांच्या सावलीत सोडवा. झटकू नका. जे उडत नाहीत त्यांना कागदावर घेऊन पानाखाली ठेवा. कापडावर अंडी घातलेली दिसली तर ते धुवू नका, तेवढी जागा कापून जवळच्या झाडीत, पाऊस लागणार नाही अशी टाचा. पदर गुंडाळण्याआधी विजेरीने शेवटचा फेरा मारा, घडीत चिरडलेले पतंग हा सगळ्यात टाळता येण्याजोगा अपघात आहे.

११. ओळख: कुठे थांबायचं

आधी घराणं (फॅमिली), मग वंश (जीनस), आणि खात्री असेल तरच जात. आयनॅचरलिस्टसारखी ॲप्स पहिल्याच फोटोवर जातीचं नाव सुचवतात, आणि ते नाव परदेशातल्या सारख्या दिसणाऱ्या पतंगाचं निघू शकतं. सुचवलेली जात या भागात नोंदली गेली आहे का ते ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावरच्या नकाशात पाहा, मग माप जुळतंय का पाहा, मग नक्षी. कितीतरी वंशांतल्या जाती जननेंद्रियांची तपासणी केल्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे वंशापाशी थांबलेली नोंद बरोबर असते आणि अंदाजाने लिहिलेली जात चुकीची.

काहीच ओळखता न आलेल्या पतंगाचेही फोटो तारीख, ठिकाण आणि मापासह चढवा. सगळे एकाच नोंदीत कोंबू नका, एका जीवाला एक नोंद. आणि त्याच जागी, त्याच दिव्याने, महिन्यातून एकदा अमावास्येच्या आसपास वर्षभर बसा. जूनमधली यादी आणि ऑक्टोबरमधली यादी शेजारी ठेवली की किती नावं फक्त एकाच यादीत आहेत ते मोजा, आणि पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात दोनदा बसायचं ते त्यावरून ठरवा.